सोन्याच्या नदीकाठी दोन मुलं : गुलामी आणि मैत्रीवर किशोरकादंबरी कशी लिहावी

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा इथे, अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर, सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. पुढच्या सात वर्षांत सुमारे तीन लाख माणसं कॅलिफोर्नियात लोटली. त्यांतली शेकडो माणसं स्वतःच्या मर्जीने आली नव्हती. मिसुरी, केंटकी, मिसिसिपी, टेनेसी या राज्यांतल्या मालकांनी त्यांना गुलाम म्हणून आणलं होतं, नदीत उभं राहून सोनं धुवायला. या काळावर १० ते १४ वर्षांच्या मराठी वाचकासाठी पंचवीस-तीस हजार शब्दांची कादंबरी पहिल्यांदा लिहिणाऱ्यांना उपयोगी पडतील अशा पायऱ्या पुढे दिल्या आहेत.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे. अशा कथेत मैत्री हे गुलामीवरचं औषध म्हणून आली की कथा खोटी पडते. गुलाम माणूस सुटतो तो कागदाने, पैशाने, कोर्टाने किंवा पळून जाण्याच्या वाटेने, आणि या प्रत्येकामागे त्याचा स्वतःचा बेत असतो. मित्र त्या बेतात साथ देतो, कधी त्याची झळ सोसतो. पण बेत मित्राचा नसतो.

पायरी १ : आधी तारीख ठरवा

'सोन्याच्या गर्दीचा काळ' एवढं ढोबळ ठरवून लिहायला बसू नका. १८४८ मध्ये नदीकाठी उघड्यावर सोनं मिळत होतं आणि माणसं मोजकी होती. १८४९ मध्ये गर्दी उसळली. १८५२ येईपर्यंत वरवरचं सोनं सरत आलं, खाणकाम कंपन्यांच्या हाती जाऊ लागलं आणि कायदे कडक झाले. एका सामान्य खाणकऱ्याची दिवसाची कमाई १८४८ मध्ये सुमारे २० डॉलर धरली जाते, १८५२ मध्ये सहाच्या आसपास. म्हणजे तुमच्या नायकाचं स्वातंत्र्य कितीला पडतं हे तुम्ही निवडलेल्या वर्षावर ठरतं.

आमची शिफारस १८५०ची आहे. कॅलिफोर्निया ९ सप्टेंबर १८५० रोजी अमेरिकेचं ३१वं राज्य झालं, पण ती बातमी 'ओरेगॉन' जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला पोचली १८ ऑक्टोबरला. मधले पाच आठवडे माणसं राज्यात राहत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मिसुरीहून मे महिन्यात निघालेले गाड्यांचे तांडे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पोचत. तुमचा नायक ५ सप्टेंबरला पोचला की १५ सप्टेंबरला, यावर दोन वर्षांनी त्याचं आयुष्य फिरू शकतं. कसं, ते पुढच्या पायरीत.

वाट लिहिताना हाताशी काही आकडे असू द्या. अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर. बैलगाडी दिवसाला पंचवीसेक किलोमीटर जाई. गाडीत सामान असल्यामुळे बहुतेक माणसं, मुलंसुद्धा, बाजूने चालत. त्या काळातल्या एका प्रवास-पुस्तिकेत माणशी सुमारे ९० किलो पीठ, ६८ किलो खारवलेलं मांस, नऊ किलो साखर आणि साडेचार किलो कॉफी न्यायला सांगितली आहे. १८४९ आणि १८५० मध्ये प्लॅट नदीच्या काठाने कॉलरा पसरला होता. शेवटी हंबोल्ट नदी वाळूत जिरते तिथून पुढे ६५ किलोमीटरचं कोरडं वाळवंट होतं, ते रात्री चालून पार करत. हा सगळा प्रवास दोन प्रकरणांत संपवा. नवे लेखक यावर अर्धं पुस्तक खर्च करतात आणि नदीकाठी पोचेपर्यंत वाचक दमतो.

पायरी २ : कायदा नीट समजून घ्या, कथानक तिथेच आहे

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. १८४९च्या शरद ऋतूत माँटेरे इथे कॅलिफोर्नियाची राज्यघटना लिहिली गेली आणि तीत गुलामीला बंदी घातली गेली. ठराव एकमताने झाला. म्हणून पुष्कळ जण लिहितात की कॅलिफोर्नियात पाऊल टाकताच गुलाम मोकळा होई. तसं होत नव्हतं. बंदी होती, पण ती मोडणाऱ्या मालकाला काय शिक्षा करायची आणि गुलामाला कोणी सोडवायचं, याचा कायदाच नव्हता. मालक उघडपणे गुलाम घेऊन येत आणि त्यांच्याकडून काम करून घेत.

मग १८५२ मध्ये राज्याने स्वतःचा पलायित-गुलाम कायदा केला. राज्य होण्यापूर्वी, म्हणजे ९ सप्टेंबर १८५० पूर्वी, ज्याला गुलाम म्हणून आणलं होतं त्याला मालक पकडून परत नेऊ शकत होता. ज्याच्यावर दावा आहे त्याची स्वतःची साक्ष चालत नव्हती. कायदा एका वर्षाचा होता, पण मुदत वाढत वाढत तो १८५५पर्यंत टिकला. आता वरच्या दोन तारखा पुन्हा पाहा. ५ सप्टेंबरला पोचलेला मुलगा या कायद्याच्या जाळ्यात येतो, १५ तारखेला पोचलेला त्यातून निसटतो. पण तारीख सिद्ध कशी करणार? तांड्यातल्या कोणाची रोजनिशी, दुकानातल्या वहीतली नोंद, नदी ओलांडल्याची पावती. मुलांच्या कादंबरीला याहून चांगलं रहस्य शोधून सापडणार नाही.

या कायद्याखाली पहिलं मोठं प्रकरण झालं ते कार्टर पर्किन्स, रॉबर्ट पर्किन्स आणि सँडी जोन्स या तिघांचं. १८४९ मध्ये त्यांना मिसिसिपीहून आणलं होतं. पुढे ते मोकळेपणाने राहू लागले आणि त्यांनी स्वतःचा मालवाहतुकीचा धंदा उभा केला. १८५२ मध्ये एका रात्री झोपेत असताना त्यांना पकडलं. काळ्या समाजाने वर्गणी काढून वकील दिला, तरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल मालकाच्या बाजूने दिला.

दुसरा कायदा साक्षीचा. १८५०पासून काळ्या आणि मूळनिवासी माणसाला गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात साक्ष देता येत नव्हती. १८५४ मध्ये न्यायालयाने चिनी लोकांनाही त्यात ओढलं. काळ्यांवरची बंदी उठली ती १८६३ मध्ये. हा कायदा प्रत्येक प्रकरणाच्या पाठीशी असला पाहिजे. दुकानदाराने वजनात मारलं, कोणी क्लेम (खणायला राखलेली जागा) बळकावला, कोणी डोळ्यांदेखत पिशवी पळवली, तरी नायक कोर्टात तोंड उघडू शकत नाही. साक्षीदार गोराच लागतो. इथेच मैत्रीची परीक्षा येते, आणि तीही भाषणाशिवाय.

तिसरा कायदा मूळनिवासींविषयीचा, एप्रिल १८५०चा. त्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द होता. प्रत्यक्षात त्याखाली गोऱ्या माणसाला मूळनिवासी मूल न्यायाधीशापुढे नेऊन ताब्यात घेता येई, मुलगा असेल तर १८ वर्षांचा होईपर्यंत, मुलगी असेल तर १५. या वाटेने मुलं पळवली आणि विकली गेली. सोन्याचा शोध लागला तेव्हा कॅलिफोर्नियात अंदाजे दीड लाख मूळनिवासी होते, १८७०च्या सुमारास तीस हजारांच्या आसपास उरले. गुलामीवर लिहिताना हे वगळलं तर चित्र अर्धंच राहील.

पायरी ३ : तो पळून का जात नाही?

वाचक मूल हा प्रश्न विचारणारच. डोंगर आहेत, जंगल आहे, मालक एकटा आहे, मग पळ ना! याचं उत्तर पहिल्या चार प्रकरणांत द्या. बरेच मालक एकट्या पुरुषाला किंवा पोराला घेऊन येत आणि त्याची आई, बायको, भावंडं मागे मिसुरीत ठेवत. पळालास तर त्यांना दक्षिणेत विकीन, एवढं एक वाक्य पुरे होई. पायात बेडी नसतानाही माणूस का बांधलेला असतो हे दहा वर्षांच्या मुलालाही नीट कळतं, फक्त मागे राहिलेल्या माणसाला नाव हवं, आवाज हवा, एखादी सवय हवी. धाकटी बहीण भाकरीचा कडक तुकडा आधी खायची आणि मऊ शेवटी, एवढं सांगितलं तरी ती पुस्तकभर सोबत राहते.

अॅल्विन कॉफी यांचं आयुष्य अभ्यासण्यासारखं आहे, कारण ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. १८४९ मध्ये मालकाबरोबर ते मिसुरीहून आले. मालकासाठी सुमारे ५,००० डॉलरचं सोनं काढलं, रात्री आणि सुट्टीत इतरांची कामं करून स्वतःसाठी ६१६ डॉलर साठवले. मालकाने ते पैसेही घेतले आणि मिसुरीला परत नेऊन त्यांना विकून टाकलं. नव्या मालकाची परवानगी मिळवून ते १८५४ मध्ये पुन्हा कॅलिफोर्नियात आले, १,००० डॉलर मिळवून स्वतःला सोडवलं आणि पुढे बायको-मुलांनाही. आधी कमाई, मग विश्वासघात, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुमच्या कथेचा सांगाडा याहून सोपा असेल तर थोडं थांबून विचार करा.

पायरी ४ : दुसरं मूल कोण?

सर्वांत सहज सुचणारं उत्तर म्हणजे मालकाचा मुलगा. सर्वांत अवघडही तेच. दोघं एकत्र वाढलेत, एकाच गाडीमागून चालत आलेत, आणि एक जण उद्या दुसऱ्याचा मालक होणार आहे. ही जोडी निवडली तर गोऱ्या मुलाला शहाणा करण्यासाठी काळ्या मुलाला दुःख भोगायला लावू नका. तपासायची रीत सोपी आहे. प्रत्येक प्रकरणात निर्णय कोणी घेतला ते समासात लिहा. दहापैकी सहा निर्णय तरी गुलाम मुलाचे असले पाहिजेत, त्यांतले एक-दोन चुकलेलेही.

चिलीहून आलेल्या खाणकऱ्याचा मुलगा घेतला तर त्याच्या बापाला परदेशी खाणकऱ्यांवरचा १८५०चा महिन्याला २० डॉलरचा कर लागू होतो आणि ते कुटुंब हुसकावलं जाऊ शकतं. चिनी मुलगा हवा असेल तर कथा १८५२ मध्ये न्या, कारण चिनी माणसं मोठ्या संख्येने त्या वर्षी आली.

आम्हाला सर्वांत भरीव वाटते ती निसेनान या मूळनिवासी जमातीतली मुलगी. कोलोमाची ती भूमी निसेनान लोकांचीच होती. वरच्या तिसऱ्या कायद्याखाली ती एखाद्या गोऱ्या घरात कामाला लावली गेली आहे. तिला नदी, ओकची फळं, मासे येण्याचे दिवस, डोंगरातल्या वाटा ठाऊक आहेत. त्याला गोऱ्यांची भाषा आणि त्यांचे स्वभाव ठाऊक आहेत. कोणीही कोणाचा तारणहार नाही. मात्र तिला 'निसर्गाची लेक' करून टाकू नका. तिलाही भूक लागते, राग येतो, कंटाळा येतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला तिला बराच काळ लागायला हवा. निसेनान लोक आजही आहेत. त्यांनी स्वतःविषयी लिहिलेलं वाचल्याशिवाय त्यांचे विधी किंवा शब्द कथेत घालू नका.

पायरी ५ : सोन्याचा हिशोब मांडा

कागदावर खरोखर हिशोब करा. छावणीत सोन्याचा भाव औंसाला सुमारे १६ डॉलर होता. टांकसाळीचा भाव होता २०.६७, मधला फरक व्यापाऱ्याचा. मुक्तीची किंमत १,००० डॉलर धरली तर साडेबासष्ट औंस सोनं लागतं. आपल्या मापात १६६ तोळ्यांच्या वर, जवळजवळ दोन किलो. नायकाला फक्त रविवार स्वतःचा मिळतो आणि एका रविवारी अर्धा औंस मिळतो असं धरा. १२५ रविवार झाले, म्हणजे सव्वादोन वर्षांहून जास्त, तेही एक दिवस आजारी न पडता, चोरी न होता, पोटाला स्वतःचं काही न घेता. हा आकडा नायकाला कथेच्या तिसऱ्या भागात कळू द्या आणि तो त्याने कुठेतरी रेघांनी मांडू द्या. पुढे प्रत्येक अडचण रविवारांत मोजता येते. ताप आला, तीन रविवार गेले. दुकानदाराने काट्यात मारलं, चार गेले.

सोनं साठवायची जागाही ठरवा. हरणाच्या कातड्याची पिशवी, पिसाच्या पोकळ दांडीत भरलेली धूळ, चुलीखाली पुरलेली बाटली. सोनं फार जड असतं. अर्धी पिशवी कमरेला बांधून मूल पळू लागलं तर ते कसं पळेल, याचा विचार करून तो प्रसंग लिहा.

पायरी ६ : हातांना खरं काम द्या

परात धुण्याचा प्रसंग प्रत्येकाला लिहावासा वाटतो आणि बहुधा तो दोन ओळींत उरकला जातो. तो सावकाश लिहा. लोखंडी पसरट परात, फूट-दीड फूट रुंद. वळणाच्या आतल्या बाजूची, मोठ्या दगडामागची किंवा खडकाच्या फटीतली माती घ्यायची, कारण पाण्याचा जोर जिथे ओसरतो तिथे जड कण बसतात. परात भरून पाण्याखाली धरायची. चिकणमातीची ढेकळं बोटांनी फोडायची, ती विरघळली नाहीत तर सोनं त्यांतच अडकून वाहून जातं. मोठे खडे वेचून टाकायचे. मग परात गोल फिरवत कड थोडी झुकवायची, म्हणजे वरची हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जाते. वाळू पाण्याच्या साधारण अडीचपट जड, सोनं एकोणीसपटीहून जास्त, सारी करामत या फरकाची. शेवटी मूठभर काळी लोहयुक्त वाळू उरते आणि तिच्या कडेला, मिळालं तर, पिवळी रेघ. नवखा घाईने झुकवतो आणि सोनंही सांडतो. पाणी सिएरा डोंगरांवरच्या वितळलेल्या बर्फाचं असतं. बोटं बधिर होतात, पाठ आणि गुडघे आखडतात, डोक्यावर मात्र ऊन भाजत असतं. दिवसाला पन्नास पराती म्हणजे भरपूर काम.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर आपल्याकडच्या सराफ बाजारात झाडलोट आणि गटारातला गाळ धुणारे झारेकरी पाहा. तत्त्व तेच आहे, आणि हात कसे चालतात हे पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही.

१८५०पर्यंत परातीपेक्षा रॉकर जास्त दिसतो. चाळणी बसवलेली लाकडी पेटी, तळाशी आडव्या पट्ट्या, बाजूला दांडा. एक जण खणतो, एक वाहतो, एक पाणी ओततो, एक दांडा हलवतो. मुलाच्या वाट्याला दांडा किंवा पाणी. बारीक सोनं धरायला पट्ट्यांमागे पारा घालत, मग तो तापवून उडवत, आणि ती वाफ विषारी. पारा सॅन होजेजवळच्या न्यू अल्माडेन खाणीतून येई. तापवायचं काम गुलामाला लावलं जातं, एवढी एक ओळ हिंसेच्या पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगते.

पायरी ७ : 'तू' आणि 'तुम्ही' जपून वापरा

इंग्रजी मूळ कागदपत्रांत नसलेली एक सोय मराठीत आहे. मालकाचा बारा वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या गुलामाला 'तू' म्हणतो. गुलाम मुलगा आपल्याच वयाच्या धन्याच्या पोराला 'तुम्ही' म्हणतो. एवढ्याने सारी व्यवस्था उभी राहते, लेखकाला समजावून सांगावं लागत नाही. उदाहरणार्थ, मालकाचा मुलगा बेन आणि गुलाम मुलगा आयझॅक रॉकरपाशी आहेत :

"दांडा सोड, मी हलवतो," बेन म्हणाला.
"तुम्हाला नाही जमायचं. सोनं वाहून जाईल."
"इथे कोणी नाहीये. तू म्हण ना मला."
आयझॅकने दांडा सोडला नाही. "इथे सवय लागली की तिकडेही तोंडातून जाईल. मार मला बसेल, तुम्हाला नाही."

मैत्री आहे आणि अंतरही आहे. आयझॅक 'तू' म्हणेल ती जागा आधीच ठरवून ठेवा, ती पुस्तकात एकदाच यावी. निसेनान मुलीशी मात्र तो पहिल्यापासून 'तू' बोलेल.

गुलाम पात्रांच्या तोंडी वऱ्हाडी, मालवणी किंवा 'गावंढळ' म्हणून ठरवलेली कुठलीही बोली घालू नका. त्याने त्या माणसांचाही अपमान होतो आणि त्या बोलीचाही. साधी, छोट्या वाक्यांची प्रमाण मराठी पुरते. वंशवाचक शिव्या जशाच्या तशा छापायची गरज नाही, 'त्याने ती शिवी हासडली' एवढं लिहिलं की मुलांना कळतं.

पायरी ८ : हिंसा किती दाखवायची

चाबकाचे फटके मोजू नका आणि गुलामी सौम्यही करू नका. या वयाच्या वाचकाला सर्वांत खोल भिडते ती ताटातूट आणि अनिश्चितता : आज रात्री आपल्याला विकायचं बोलणं चाललंय का? मार दाखवायचाच असेल तर आधीची शांतता आणि नंतरचे दिवस दाखवा. 'चांगला मालक' हे पात्र टाळाच. प्रेमळ बोलणारा माणूस दुसऱ्याच्या कमाईवर जगतो आणि त्याला ते खुपत नाही, असं दाखवता आलं तर तेच खरं भय आहे.

पायरी ९ : शेवट काळाला धरून ठेवा

लिंकनची मुक्तिघोषणा १८६३ची, गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ची. १८५०च्या कथेत सगळे मुक्त झाले असा शेवट होऊ शकत नाही. खऱ्या वाटा तीन-चार आहेत. पैसे भरून मुक्तिपत्र घेणं आणि त्याची काउंटीच्या (जिल्ह्याच्या) दप्तरात नोंद करणं. कोर्ट : गुलाम म्हणून आणलेल्या बिडी मेसन या बाईंना साक्ष द्यायची मुभा नव्हती, तेव्हा लॉस एंजेलिसचे न्यायाधीश बेंजामिन हेस यांनी त्यांचं म्हणणं आपल्या दालनात ऐकलं आणि जानेवारी १८५६ मध्ये त्यांना मुलींसह मुक्त ठरवलं. किंवा देश सोडणं : आर्ची ली या तरुणाला १८५८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा मालकाच्या विरुद्ध जात असूनही, मालक तरुण आणि आजारी आहे या सबबीवर, परत देऊन टाकलं. काळ्या समाजाने सॅन फ्रान्सिस्कोत पुन्हा लढा दिला, एप्रिलमध्ये तो सुटला आणि ब्रिटिश हद्दीतल्या व्हिक्टोरियाला गेला. या तिन्ही ठिकाणी संघटित काळी माणसं किंवा स्वतः गुलाम माणूस पुढे आहे. तुमच्या शेवटच्या प्रकरणातही तसंच असू द्या. दोन मुलांची ताटातूट होणार असेल तर ती होऊ द्या.

पायरी १० : छपाईआधीची तपासणी

१८५०च्या कथेत या गोष्टी नकोत : पूर्व किनाऱ्याहून आलेली रेल्वे (१८६९), डायनामाइट (१८६७), रिव्हेट मारलेली जीन्स (१८७३), काटेरी तारेचं कुंपण (१८७०च्या दशकातलं), कॅलिफोर्नियाला जोडणारी तारयंत्रणा (१८६१), पोनी एक्सप्रेस (१८६०). पत्रं पनामामार्गे बोटीने येत आणि टपालघरापुढे रांगा लागत. उजेड मेणबत्तीचा.

बारीक तपशिलासाठी 'कॅलिफोर्निया डिजिटल न्यूजपेपर कलेक्शन' या संकेतस्थळावर त्या काळची वृत्तपत्रं फुकट वाचता येतात. 'आल्टा कॅलिफोर्निया' तिथून काढा. बातम्यांपेक्षा जाहिराती जास्त उपयोगी पडतात, भाव तिथे मिळतात. गुलामीतल्या बालपणासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या १९३६ ते १९३८च्या मुलाखती वाचा, दोन हजारांहून जास्त आहेत. सांगणारी माणसं तेव्हा म्हातारी होती आणि विचारणारे बहुतेक गोरे, म्हणून काय सांगितलं नाही याकडेही लक्ष असू द्या.

शेवटी दोन पानांचं टिपण जोडा : खरं काय, कल्पित काय, एक नकाशा, एक औंस म्हणजे किती तोळे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं, ही गोष्ट त्या टिपणात जरूर सांगा. मराठी वाचकाचं या इतिहासाशी नातं जुनं आहे. पण ते कथेत घुसडू नका, आयझॅकच्या तोंडी आपल्याकडच्या चळवळीची भाषा घालू नका.

हस्तलिखित अकरा-बारा वर्षांच्या पाच-सहा मुलांना वाचायला द्या आणि 'आवडलं का' असं विचारू नका. विचारा : आयझॅकने काय काय ठरवलं? त्याच्याजवळ शेवटी किती सोनं होतं? त्याला कोर्टात बोलता का आलं नाही? बेन नसता तर काय झालं असतं? शेवटच्या प्रश्नाला 'मग तो सुटलाच नसता' असं उत्तर बहुतेकांकडून आलं, तर पायरी ४ला परत जा आणि समासातल्या नोंदी पुन्हा मोजा.